जाताना बसकण, येताना ओढाओढ: पिल्लाला दोरीची सवय लावताना

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. साडेतीन महिन्यांचं पिल्लू, घरी येऊन तीन आठवडे झालेत. घरात दिवसभर पायांत घुटमळतं, पण दोरी लावून बाहेर नेलं की दारापासून वीसेक पावलांवर बसकण मारतं. ओढलं तर चारही पाय रोवतं, कधी सरळ आडवं पडतं. आणि घराकडे तोंड वळवलं रे वळवलं की तेच पिल्लू अशी धाव घेतं की तुमच्या खांद्याला रग लागते. ओळखीच्या एकांनी सांगितलं, 'दोन दिवस फरफटत न्या, तिसऱ्या दिवशी मुकाट चालेल.' पिल्लू हट्टी आहे का आणि हा सल्ला ऐकावा का, असं तुम्ही विचारलंय.

ऐकू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आधी सांगून मोकळी होते.

तुम्ही लिहिलेल्या तक्रारी दोन आहेत, पण मला दुखणं एकच दिसतं. हट्टच असता तर पिल्लू परतीच्या वाटेवरही बसलं असतं. ते एका दिशेला थिजतं आणि दुसऱ्या दिशेला पळतं, म्हणजे चालता त्याला व्यवस्थित येतं. बाहेर थांबायचं मात्र नाहीये. आणि नेमकी भीती वाटत असताना गळ्याला हिसका बसतो, त्यामुळे दोरीसुद्धा हळूहळू त्या भीतीतच जमा होते. आज वीस पावलांवर बसणारं पिल्लू पुढच्या आठवड्यात दोरी खुंटीवरून काढताना बघूनच सोफ्याखाली जातं, ते याच कारणाने.

मी तुमचं पिल्लू पाहिलेलं नाही, त्यामुळे काही गोष्टी गृहीत धरूनच लिहिते आहे. ते घरात छान पळतं म्हणता, म्हणजे पायाला किंवा पोटाला दुखत नसावं. तरी घरातही ते मध्येच बसत असेल, एखादा पाय कमी टेकवत असेल, गळ्याला पट्टा लागताच खोकत असेल किंवा थोडं खेळून धापा टाकत असेल, तर माझं उत्तर बाजूला ठेवा आणि पशुवैद्यांकडे जा. तुमच्याकडे येण्याआधी ते कुठे होतं, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पहिले दोन-अडीच महिने एका खोलीत काढलेलं पिल्लू आणि माणसांच्या वर्दळीत वाढलेलं पिल्लू यांचा वेग सारखा नसतो. जातीचा फरक पडतो, पण लोक समजतात तेवढा नाही. मी गेली सोळा वर्षं पिल्लांना शिकवते. एकाच वेतातली दोन भावंडं अगदी उलट स्वभावाची निघालेली मी अनेकदा पाहिली आहेत.

आता शब्दातला एक गोंधळ. मराठीत आपण गळ्यातल्या पट्ट्यालाही पट्टा म्हणतो आणि हातातल्या दोरीलाही पट्टाच म्हणतो. बोलताना चालून जातं. पिल्लाला मात्र यात तीन वेगवेगळी कामं शिकायची असतात. अंगावर काहीतरी बांधलेलं आहे याची सवय होणं, हे पहिलं. ते ताणलं गेलं तर काय करायचं, हे दुसरं. आणि दाराबाहेरचं जग, म्हणजे गाड्या, आवाज, अनोळखी वास, दुसरी कुत्री, हे तिसरं. बहुतेक घरांत ही तिन्ही कामं पहिल्याच दिवशी, दाराबाहेर, एकाच मिनिटात पिल्लाच्या अंगावर येतात. मग ते बसकण मारतं आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. मी ही तीन कामं सुटी करते आणि एकेक करून शिकवते. माझी पद्धत म्हणाल तर एवढीच, बाकी सगळा तपशील.

आधी सामान. या वयात दोरी गळ्याच्या पट्ट्याला न लावता हार्नेसला, म्हणजे छाती-पाठीभोवती बसणाऱ्या पट्ट्यांच्या साजाला लावा. छातीवर 'वाय' अक्षरासारखा आकार येणारा आणि खांदे मोकळे सोडणारा हार्नेस घ्या. छातीवरून आडवी पट्टी जाणारे हार्नेस पुढच्या पायाची फेक अडवू शकतात. कुत्र्याने गळ्याच्या पट्ट्यावर रेटा दिला की डोळ्यांतला दाब वाढतो आणि हार्नेसवर तो तसा वाढत नाही, हे मोजून पाहिलेलं आहे. पिल्लाची कोवळी श्वासनळी तर वेगळीच. गळ्यातला पट्टा असू द्या, पण फक्त नाव-पत्त्याच्या बिल्ल्यासाठी, दोन बोटं सहज आत जातील इतका सैल. हार्नेसही तसाच तपासा आणि दर आठवड्याला पुन्हा तपासा, कारण या वयात छाती भराभर भरते. मागच्या महिन्यात नीट बसणारा हार्नेस आता काखेत काचत असेल, तर पिल्लू चालायला नकार देणारच. काखेतले केस विरळ झालेत का, कातडी लाल आहे का, हे हाताने चाचपून बघा.

दोरी हलकी हवी, दीड ते दोन मीटरची, छोट्या कडीची. साखळी नको, तिचं वजनच पिल्लाला सतत खाली ओढतं. आणि ती डबीत गुंडाळली जाणारी, बटणाची दोरी शिकवण्याच्या काळात अजिबात नको. तिच्या आत स्प्रिंग असते, त्यामुळे दोरी कधीच पूर्ण ढिली पडत नाही. आपल्याला पिल्लाला ढिली दोरी ओळखायला शिकवायचंय आणि ही दोरी नेमकी तेवढी एकच गोष्ट दाखवत नाही. शिवाय तिची मूठ हातातून सुटली की खडखडत पिल्लाच्या मागे धावते. त्या एका प्रसंगाने घाबरलेली पिल्लं माझ्याकडे येतात आणि त्यांचं काम मग शून्याच्याही खालून सुरू करावं लागतं.

पहिलं काम घरातच होतं आणि त्यात फारशी विद्या नाही. हार्नेस चार दिवस जेवणाच्या भांड्याशेजारी नुसता पडू द्या. मग त्याची गळ्याची कडी हातात धरा, पलीकडून खाऊचा कण दाखवा आणि पिल्लाला स्वतःहून डोकं आत घालू द्या. तुम्ही त्याच्या डोक्यावरून हार्नेस चढवणं आणि त्याने आपलं डोकं आत घालणं, यात पुढच्या कित्येक वर्षांचा फरक आहे. बकल बंद होताना कानापाशी खट्कन आवाज होतो. पहिल्यांदा तो तळहातात दाबून करा. घातल्यावर पिल्लू पुतळ्यासारखं उभं राहील, अंग झाडेल, मागच्या पायाने खाजवेल. कौतुकही नको, काळजीही नको. समोर जेवण ठेवा किंवा खेळायला घ्या. पाच मिनिटांनी काढा. दोन-तीन दिवसांत ते अंगावर काही आहे हे विसरतं. मग हलकी दोरी लावून घरात मागे घासटत फिरू द्या, पण तुमच्या नजरेखाली. खुर्चीच्या पायात अडकून एकट्याने हिसका खाल्लेलं पिल्लू तो हिसका विसरत नाही.

याच वयात पिल्लू दोरी चावतं. तुम्ही त्याबद्दल लिहिलं नाहीत, पण लवकरच लिहाल. साधारण चौथ्या महिन्यापासून दुधाचे २८ दात पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ४२ येतात. मधल्या काळात हिरड्या शिवशिवतात आणि तोंडासमोर लोंबणारी दोरी आयती मिळते. तुम्ही दोरी ओढून घेतलीत की ती रस्सीखेच झाली, आणि रस्सीखेच पिल्लाला फार आवडते. हात सैल सोडा, दोरी मेल्यासारखी लोंबू द्या, दुसरं चघळायचं खेळणं पुढे करा. जिवंतपणा गेला की दोरीतली मजा जाते.

आता दुसरं काम. सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते आणि लोक नेमकं हेच गाळतात.

तुमच्या खांद्याला कुणी अचानक मागून ढकललं, तर तुम्ही पुढे पडत नाही. अंग आपोआप मागे रेटा देतं. पिल्लाचंही तसंच. पुढून ओढलं की ते मागे बसतं, मागून आवरलं की पुढे झेपावतं. यात उर्मटपणा नाही, तोल सांभाळणं आहे. वर भीती असली की हा रेटा दुप्पट होतो. ज्यांना १९०४ सालचं नोबेल मिळालं त्या रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह यांनाही असा एक कुत्रा भेटला होता. एरवी गरीब स्वभावाचा, पण प्रयोगाच्या चौकटीत पट्ट्यांनी अडकवलं की झटापट करायचा, चौकट कुरतडायचा, लाळ गाळायचा. बराच काळ कुणाला कारण कळेना. शेवटी त्यांनी ठरवलं की याला अडकून राहणंच सहन होत नाही, आणि त्याला खाणं फक्त त्या चौकटीतच द्यायला सुरुवात केली. आधी तो पुरेसं खाईना, वजनही उतरलं. मग हळूहळू खाऊ लागला आणि शांत झाला. उपाशी ठेवण्याचा भाग मी मुळीच करत नाही, तुम्हीही करू नका. पण अडकलेपणाची चीड नैसर्गिक आहे आणि ती जबरदस्तीने न जाता चांगल्या अनुभवाने जाते, हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी एका कुत्र्याने दाखवून दिलंय.

तर सराव असा. घरातली शांत खोली, बाकीची माणसं बाहेर. पिल्लाला हार्नेस आणि दोरी. तुम्ही त्याच्यापासून एक पाऊल अंतरावर, थोडं तिरकं उभं राहा. अगदी समोरासमोर नको. दोरी अंगठा आणि एका बोटात धरा, अख्ख्या मुठीत धरलीत तर जोर लागतोच. आता तिचा सैलपणा संपेल इतकीच ती ताणा. वर्तमानपत्राचं एक पान उचलायला जेवढा जोर लागतो, तेवढा. आणि थांबा. जोर वाढवायचा नाही, कमी करायचा नाही, बोलवायचं नाही, चुचकारायचं नाही.

सुरुवातीला काहीच होत नाही. पिल्लू दुसरीकडे बघतं. जीभ नाकावरून फिरवतं. मग एक कान तुमच्याकडे वळतो. त्यानंतर जे होतं ते चुकवू नका: त्याचं वजन मागच्या पायांवरून पुढच्यांवर येतं. पाऊल अजून उचललेलं नसतं, फक्त छाती केसभर पुढे येते आणि पुढच्या पायाचं कोपर सैल पडतं. त्याच क्षणी दोरी सोडा, ठरवलेला एक छोटा शब्द उच्चारा आणि खाऊ द्या. माझा शब्द 'हं' आहे, तुमचा काहीही चालेल, फक्त घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. खाऊ वाटाण्याएवढा, मऊ, चावत बसावं न लागणारा. तो तुमच्या पँटच्या बाजूच्या शिवणीला लावून, पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर द्या. समोर हात करून दिलात तर ते समोर येऊन थांबायला शिकेल आणि चालताना तुमच्या पायात येईल. खाऊ जिथे मिळतो तिथेच कुत्रा चालतो.

असं चार-पाच वेळा झालं की बंद. दोन मिनिटंसुद्धा लागत नाहीत. दिवसातून तीन-चारदा करा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी दोरीला जरासा ताण येताच पिल्लू हसऱ्या चेहऱ्याने तुमच्या पायापाशी येऊन उभं राहील. ताण आला की त्याच्या दिशेने जायचं, म्हणजे तो संपतो, हे त्याला कळलेलं असेल. त्याच्या हातात, म्हणजे पायात, एक किल्ली आलेली असते. पुढे रस्त्यावर दोरी चुकून ताणली गेली तरी ते घाबरत नाही, कारण ती सुटते कशी हे त्याला ठाऊक असतं.

हे मी पुस्तकी शहाणपणातून सांगत नाही. माझ्या पहिल्या कुत्र्याला मी हिसके देतच चालवलं होतं, तेव्हा सगळे तसंच करायचे. एके दिवशी तो अडून बसला, मी पुढून ओढलं, त्याने मान खाली घालून मागे रेटा दिला आणि पट्टा दोन्ही कानांवरून सुळकन निघून माझ्या हातात आला. तो पळाला. तासाभराने सापडला, एका उभ्या गाडीखाली. पुढचे दोन महिने माझ्या हातात पट्टा दिसला की तो मान खाली घालायचा. ते मान घालणं अजून आठवतं. तुमचं पिल्लू आडवं पडतं तेव्हा ते या 'मागे सरकून निसटण्याच्या' एकच पायरी अलीकडे आहे, हेही लक्षात असू द्या.

तर आत्तापर्यंत घरात हार्नेस अंगवळणी पडलाय, ताणाचं उत्तर पिल्लाला येतंय आणि तुम्ही अजून दाराबाहेर चालायला गेलेला नाहीत. साधारण आठवडा-दहा दिवस. दरम्यान बाहेरचं जग थांबवून ठेवायचं का? नाही. ते उचलून दाखवायचं.

याला दोन कारणं. एक, लसीकरण. पिल्लांच्या मुख्य लसींचा शेवटचा डोस १६ आठवडे पूर्ण झाल्यावर किंवा त्यानंतर द्यावा, अशी जागतिक पातळीवरची शिफारस आहे. तुमचं पिल्लू साधारण १५ आठवड्यांचं, म्हणजे बहुधा ते व्हायचंय. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू जमिनीत महिनोन्महिने तग धरतो, त्यामुळे अनेक कुत्री जिथे येतात-जातात तिथे त्याला खाली सोडायचं की नाही, हे तुमच्या पशुवैद्यांना विचारूनच ठरवा. दुसरं कारण उलट्या बाजूचं आहे. नवीन गोष्टी सहज स्वीकारण्याचं वय साधारण ३ ते १४ आठवड्यांचं असतं. ते दार एका रात्रीत बंद होत नाही, पण आता ते लोटलं जातंय. लसींसाठी महिनाभर घरात कोंडून ठेवलंत तर बाहेरची भीती पक्की होईल. म्हणून कडेवर घ्या, दाराबाहेर पाच मिनिटं बसा, गाडी गेली की खाऊ, माणूस गेला की खाऊ, आणि परत.

खाऊ हा इथे थर्मामीटर आहे. घरात ज्या खाऊसाठी जीव टाकतं तोच बाहेर नाकासमोर धरूनही पिल्लू घेत नसेल, तर त्याचं पोट भरलेलं नाही, ते भेदरलेलं आहे. अशा वेळी काहीही शिकवायला जाऊ नका, अंतर वाढवा. रस्त्यापासून दहा पावलं मागे या. तिथे खाल्लं, तर आजची तुमची जागा ती. याच्या आधीच्या खुणाही ओळखा: झोप नसताना जांभया, पुन्हा पुन्हा ओठ चाटणं, शेपूट पोटाखाली, डोळ्याच्या कडेला पांढरं दिसणं, गरम होत नसताना धापा टाकणं. यातल्या दोन एकदम दिसल्या तर बसकण येणार हे नक्की समजा.

आता तुमच्या वीस पावलांची गोष्ट. यासाठी माझा आवडता उपाय उलटा आहे: न्यायचं उचलून, आणायचं चालत. पिल्लाला घराकडे चालायची ओढ आहेच, मग तिचाच उपयोग करा. कडेवर घेऊन दारापासून तीसेक पावलं जा, शांत जागा बघून खाली ठेवा, त्याला एकदा अंग झाडू द्या आणि घराकडे चालू लागा. ते चालेल. दोरी ढिली असताना दर दोन-तीन पावलांना 'हं' आणि खाऊ. त्याने वेग घेतला तर तुम्ही आधीच हळू व्हा आणि जरासं तिरकं वळा, म्हणजे ते वळून तुमच्याकडे बघेल. बघितलं की खाऊ. काही दिवसांनी जातानाची पहिली पाच पावलं चालत आणि उरलेली कडेवर. मग दहा. वीस पावलांवर बसतं ना, तर काही दिवस पंधराव्याच पावलावर तुम्ही स्वतःहून माघारी वळा. त्याने नकार देण्याआधी. 'बसलो की घरी नेतात' हे कळण्याऐवजी 'बाहेर गेलो की सुखरूप परत येतो' हे कळलं, तर सोळावं पाऊल ते आपणहून टाकतं.

आणि तरीही मध्येच बसलं तर? दोरी ढिली सोडा. तोंड त्याच्याकडे न करता बाजूला करून उभे राहा आणि ते जिकडे बघतंय तिकडे तुम्हीही बघा. अर्धा मिनिट काहीच करू नका. बऱ्याचदा ते बघून घेतं, सुस्कारा टाकतं आणि उठतं. उठलं तर खाऊ. नाही उठलं तर शांतपणे उचला आणि परत या. 'उचललं की लाडावतं' असं लोक सांगतील. भ्यालेल्या जिवाला धीर दिल्याने भीती वाढत नाही.

एका प्रचलित सल्ल्याबद्दल बोलायलाच हवं: 'ओढलं की झाडासारखं उभं राहा.' मीही तो देते, पण मजेसाठी ओढणाऱ्या, जग बघायला निघालेल्या धीट पिल्लांना. तुमचं पिल्लू घराकडे ओढतं ते पळ काढण्यासाठी. त्याला त्या भीतीत दर दोन पावलांना थांबवून ठेवणं म्हणजे आगीपासून पळणाऱ्याला रांगेचे नियम शिकवणं. आधी भीती उतरवा, ओढण्याचा बराचसा भाग तिच्याबरोबर जाईल. उरेल त्याला मग झाडाचा उपाय लागू पडतो: दोरी ताणली की आपण थांबलो, ढिली पडली की निघालो.

तो लागू करताना घरातल्या सगळ्यांनी एकच नियम पाळायचा, कारण दहा वेळा ओढून एकदाच पुढे जायला मिळालं तरी पिल्लू अकराव्यांदा ओढणारच. दर वेळी न मिळता अधूनमधून मिळणारं बक्षीस सवय जास्त घट्ट करतं, हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी उंदरांवर आणि कबुतरांवर दाखवलं होतं. कुत्र्यांनी त्यात अपवाद केलेला नाही. पण रोज प्रत्येक फेरी शिकवणीची करणं कुणालाच जमत नाही, मलाही नाही. म्हणून दोन कड्यांचा हार्नेस घ्या. दोरी छातीवरच्या कडीला लावली की शाळा, पाठीवरच्या कडीला लावली की सुट्टी. शू करून पटकन परत यायचंय, पाऊस येतोय, फोन वाजतोय, अशा वेळी पाठीची कडी. कुत्र्यांना हा फरक चकित करण्याइतक्या लवकर कळतो.

टोचणाऱ्या काट्यांचे किंवा आवळणारे पट्टे कुणी सुचवतीलच. त्यांनी ओढणं थांबतं, हे खरं आहे. दुखतं म्हणून थांबतं. पण दुखतं तेव्हा पिल्लू ज्याच्याकडे बघत असतं, त्यालाच ते दुखण्याचं कारण समजतं: समोरचा कुत्रा, सायकल, लहान मूल. आधीच भित्र्या पिल्लाला हे देऊ नका.

किती वेळ चालवावं? वयाच्या दर महिन्याला पाच मिनिटं, असा एक हिशेब सगळीकडे सांगितला जातो. सोपा आहे, वापरा, पण त्याला वेद समजू नका. मोठ्या जातींच्या हाडांची टोकं पक्की व्हायला वर्ष-दीड वर्षही लागतं, तेव्हा सायकलमागे पळवणं किंवा पायऱ्यांवर दामटणं नको. आपल्या मनाने हुंगत फिरणं वेगळं. हुंगण्यात घाई करू नका. पिल्लासाठी फिरणं म्हणजे मुख्यतः तेच. ऊन असेल तर तळहाताची मागची बाजू रस्त्यावर सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला टेकवत नसेल तर त्यालाही पाय टेकवत नसतील, आणि मग बसकणीचं कारण वेगळंच निघेल.

एकूण किती दिवस लागतील याचं प्रामाणिक उत्तर म्हणजे दहा दिवसांपासून तीन महिन्यांपर्यंत. साडेतीन महिन्यांचं, घरात खेळकर असलेलं पिल्लू बहुधा अलीकडच्या टोकाला असतं. मात्र सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान ते वयात येताना शिकवलेलं सगळं विसरल्यासारखं वागेल, पुन्हा ओढेल, कालपर्यंतच्या कचऱ्याच्या डब्याला आज भुंकेल. तेव्हा हेच सगळं पहिल्यापासून, पण दुप्पट वेगाने करायचं.

शेवटचं एक काम पिल्लाशिवाय करायचंय. काही वर्षांपूर्वी एक तांबूस रंगाचं पिल्लू रोज एकाच जागी अडायचं, पाऊल इकडे-तिकडे नाही. मालक म्हणाले, काहीच नाहीये हो तिथे. मी तिथे जाऊन उकिडवी बसले, डोकं पिल्लाच्या उंचीला आणलं. समोर गटाराची लोखंडी जाळी होती, आणि तिच्याखालून पाण्याचा घुमणारा आवाज येत होता. उभ्याने ऐकू येत नव्हता. आम्ही दोन मीटर वळसा घालून जायला लागलो. पाचव्या-सहाव्या दिवशी ते आपणहून जाळी हुंगायला गेलं.

तुमच्या विसाव्या पावलावर उद्या सकाळी एकटे जा आणि तसे बसा. ज्या वेळेला पिल्लाला नेता, त्याच वेळेला. वास घ्या, ऐका, कुठल्या फटीतून काय दिसतं ते बघा. काही सापडलं तर कळवा, मग अंतर कसं ठरवायचं ते नेमकं सांगता येईल.